क्रूसोच्या बेटावरचा पाव

श्रोतेहो, नमस्कार.

डॅनियल डिफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. निर्जन बेटावर २८ वर्षे काढणाऱ्या या माणसाची कथा बहुतेकांच्या लक्षात राहते ती नरभक्षकांमुळे आणि वाळूत उमटलेल्या त्या एका पावलामुळे. मला मात्र तिच्यातला सर्वांत रंगलेला भाग पाव भाजण्याचा वाटतो.

क्रूसो रिकाम्या हातांनी जगला, हा समज खरा नाही. फुटलेल्या जहाजावरून बंदुका, दारूगोळा, सुताराची हत्यारे असे बरेच काही त्याने किनाऱ्यावर आणले होते. कोंबड्यांसाठी पिशवीत ठेवलेले धान्य तेवढे उंदरांनी फस्त केले होते. त्या पिशवीतला कोंडा त्याने कड्यापाशी झटकला, पाऊस पडला आणि काही आठवड्यांनी तिथे जवाच्या दहा-बारा ओंब्या दिसू लागल्या. आधी त्याला हा दैवी चमत्कार वाटला. पिशवी आठवल्यावर त्याची भक्ती बरीच ओसरली!

पहिली पेरणी त्याने कोरड्या महिन्यांच्या तोंडावर केली आणि ती उगवलीच नाही. सुदैवाने थोडे बियाणे राखून ठेवले होते. तरीही चौथ्या वर्षापर्यंत त्यातला दाणाही त्याने खाल्ला नाही. नांगराऐवजी लाकडी फावडे, कुळवाऐवजी ओढत न्यायची जड फांदी, विळ्याऐवजी जहाजावरची तलवार, अशी सारी सोय त्याने लावली. बेटावरचा दगड ठिसूळ असल्यामुळे लाकूड कोरून उखळ केले, आणि पीठ चाळायला खलाशांचे मलमलीचे गळपट्टे कामी आले. मातीची भांडी बरेच दिवस साधेनात. शेवटी चुलीत पडलेली एक खापरी विटेसारखी लाल भाजलेली दिसली, तेव्हा भट्टीचे गुपित उलगडले. तापवलेल्या चुलाण्यावर पाव ठेवायचा, त्यावर मातीचे भांडे पालथे घालायचे आणि भोवती निखारे रचायचे, अशी त्याची पद्धत होती.

त्या काळी ज्याची हकिकत इंग्लंडमध्ये गाजली होती, तो स्कॉटिश खलाशी अलेक्झांडर सेल्कर्क प्रशांत महासागरातल्या निर्जन बेटावर खरोखरच एकटा, चार वर्षांहून अधिक काळ शेळ्यांच्या मांसावर जगला, पण पावावाचूनच.

पुढे फ्रायडे आला, म्हणजे क्रूसोने नरभक्षकांच्या तावडीतून वाचवलेला तरुण. गुलाम आणायला निघालेल्या जहाजावरूनच क्रूसो या बेटावर आदळला होता, हे इथे आठवावे. त्याने फ्रायडेला आपल्याला ‘मालक’ म्हणायला शिकवले, मग मळणी आणि पाव भाजणेही शिकवले. आणि थोड्याच दिवसांत ती सारी कामे फ्रायडे आपल्याइतकीच उत्तम करू लागला, असे तो समाधानाने सांगतो.