गुडघ्याची जागा

[दृश्य: मोकळा रस्ता. लांबून एक मोटारसायकल येताना दिसते. चालवणाऱ्याचे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, जवळपास कोपरांच्या उंचीला.]

लांबून बघितलं तर वाटेल, कुणीतरी पोराची तीनचाकी पळवून आणलीय. जवळ आल्यावर कळतं, गाडी चांगली भारदस्त आहे. टाकी मोठी, इंजिन मोठं, आवाज खणखणीत. गाडी लहान नाही, माणूस लांब आहे. 6 फूट 3 इंच.

तो माणूस म्हणजे मीच. ही गाडी मला कुणी गळ्यात मारली नव्हती. स्वतः पसंत केली, हौसेनं घेतली आणि चौदा महिन्यांत विकली. गाडीत खोट एवढीच, की ती माझ्या मापाची नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण मी अंथरूण न मोजताच विकत घेतलं होतं.

म्हणजे मोजलं होतं, पण चुकीच्या बाजूनं.

[दृश्य: जमिनीपासून सीटपर्यंत उभा धरलेला टेप.]

गाडी घेताना उंचीचा विषय निघाला की सगळे एकच आकडा सांगतात. सीट हाइट. जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर. होंडा रेबेल 500 ची सीट 690 मिलिमीटरवर आहे. रॉयल एनफील्ड क्लासिक 350 ची 805. हिमालयन 450 ची 825, आणि ती वर करून 845 पर्यंत नेता येते. होंडा आफ्रिका ट्विनची 850 किंवा 870. यामाहा टेनेरे 700 ची 875. यादी वाचली की उंच माणसाला वाटतं, सोपं तर आहे. आकडा मोठा ती गाडी आपली.

हा आकडा कामाचा आहे, पण कुणाच्या? ज्याचे पाय जमिनीला टेकतील की नाही अशी शंका आहे, त्याच्या. सिग्नलला थांबल्यावर टाच टेकते की नुसती बोटं, एवढं तो सांगतो. माझे पाय तर कुठेही टेकतात. मला अडचण गाडी थांबल्यावर नव्हती, चालू झाल्यावर होती. गाडी चालू असताना पाय जमिनीवर नसतात, फूटरेस्टवर असतात.

[दृश्य: तोच टेप. आता सीटपासून फूटरेस्टपर्यंत.]

म्हणून टेप इथे धरायचा. सीटच्या बसतो त्या भागापासून फूटरेस्टपर्यंत. गुडघ्याची सगळी जागा एवढ्यातच. आणि हा आकडा माहितीपत्रकात बहुतेक छापलेला नसतो. सीट हाइट सारखी असलेल्या दोन गाड्यांत हे अंतर चांगलं चार बोटं कमीजास्त असू शकतं, कारण एकीचे फूटरेस्ट खाली आणि पुढे, दुसरीचे वर आणि मागे.

चार बोटांनी काय होतं, त्याचं ढोबळ गणित मी वहीत मांडलं होतं. समजा मांडी 50 सेंटिमीटर आणि गुडघ्याखालचा पाय 50 सेंटिमीटर. गाडीवर बसल्यावर खुब्यापासून घोट्यापर्यंतचं सरळ अंतर 60 सेंटिमीटर भरलं, तर गुडघा साधारण 74 अंशांत दुमडला जातो. म्हणजे काटकोनापेक्षा बराच आत. आता त्याच गाडीवर बेताच्या उंचीचा मित्र बसवा, मांडी 43 आणि पोटरीची बाजू 43. त्याचा गुडघा 88 अंशांत. जवळजवळ काटकोन, खुर्चीत बसल्यासारखा. गाडी तीच, सीट तीच. तो म्हणणार, "मस्त आहे रे गाडी, तुझंच काहीतरी दुखतंय." त्याचंही चूक नाही.

ते 60 चं अंतर 65 केलं तर माझा गुडघा 81 अंशांवर येतो. 70 केलं की 89. दर पाच सेंटिमीटरला सात-आठ अंश. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितकी त्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबून बसते. अर्धा तास काही जाणवत नाही. दीड तासानं माणूस उगाचच एक पाय काढून हवेत लोंबकळत ठेवतो, मग दुसरा. मागून येणाऱ्याला वाटतं, हा वळतोय की काय.

[दृश्य: जवळून. हाताच्या तळव्यानं दाबलेलं सीटचं फोम, हळूहळू वर येताना.]

इथे आणखी एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. गाडीवर बसलं की शॉक दबतात आणि गाडी खाली जाते. उंच सस्पेन्शनच्या गाडीत हे दबणं चांगलं पाच-सहा सेंटिमीटरचं असू शकतं. बुटक्या माणसाला तेवढाच आधार, जमीन जवळ आली. पण फूटरेस्ट चासीलाच बसवलेले असतात, त्यामुळे सीटबरोबर तेही खाली जातात. गुडघ्याच्या हिशेबात शून्य फरक.

फोमचं मात्र उलटं. फोम दबलं की फक्त आपण खाली जातो, फूटरेस्ट जागेवरच राहतात. शोरूममध्ये बसल्या बसल्या "वा, काय मऊ आहे" म्हणालो ती सीट तासाभरानं दोन-तीन सेंटिमीटर बसली, तर तेवढी जागा माझ्याच गुडघ्यातून गेली. जुनी गाडी घेताना तर फोम आधी दाबून बघावं. वरून कव्हर नवं कोरं आणि आत पापड झालेला असतो.

माझ्या त्या गाडीचं शेवटचं प्रकरण घडलं एका यू टर्नवर. अगदी सावकाश, पायी चालण्याच्या वेगात. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि त्याचं टोक येऊन गुडघ्याला टेकलं. गुडघा टाकी आणि हँडलच्या मध्ये. आणखी वळवता येईना, सरळही करता येईना, आणि त्या वेगात गाडी तोलायला तर दुसरं काहीच हातात नसतं. सावकाश, अगदी समारंभपूर्वक, आम्ही दोघं डाव्या अंगावर झोपलो. लागलं काही नाही. क्लच लिव्हर वाकला, आरसा फुटला, आणि चहूबाजूंनी लोकांनी विचारलं, "काय झालं? घसरली का?" काय सांगणार, गुडघा अडकला म्हणून?

तेव्हापासून मी कुठल्याही गाडीवर बसलो की आधी हँडल दोन्ही बाजूंना पार शेवटपर्यंत वळवून बघतो. पाय फूटरेस्टवर ठेवून. गाडी मेन स्टँडवर नाहीतर कुणीतरी धरलेली. विकणारा सहसा गोंधळून बघत राहतो. बघू दे.

[दृश्य: वेगवेगळ्या ढंगाच्या गाड्या, एकामागून एक. प्रत्येकीवर तोच लांब माणूस.]

मग गाडी कुठल्या जातीची घ्यायची? स्पोर्ट्स गाडी लवकर निकालात निघते. फूटरेस्ट वर आणि मागे, हँडल खाली. वळणावर गाडी खूप झुकवता यावी म्हणून ते तसं असतं, आणि त्या कामासाठी बरोबरच असतं. फ्रान्सचा लॉरिस बाझ 190 सेंटिमीटरच्या वर उंचीचा असून मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींत धावलाय, म्हणजे अशक्य नाही. पण शर्यत पाऊण तासात संपते. आपल्याला दुपारच्या जेवणानंतरही चालवायचं असतं.

क्रूझर फसवी. पाय पुढे लांब सोडलेले, ऐसपैस, फोटोत तर राजेशाही. आणि गुडघ्याला खरंच आराम असतो. पण पाय पुढे गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसला तर फूटरेस्टवर जोर देऊन थोडं उठावं, ही सोय जाते. प्रत्येक दणका थेट कण्यात. शिवाय सीट इतकी खाली की काही क्रूझरवर लांब पायाचा माणूस पुन्हा बेडकासारखाच दिसतो. ज्यांना क्रूझर मनापासून आवडते त्यांनी जरूर घ्यावी. फक्त 'मी उंच आहे म्हणून घेतली' असं म्हणू नये.

साध्या सरळ बसायच्या गाड्यांत नशीब लागतं. काहींत जागा छान मिळते. टाकीला गुडघ्यासाठी जी खोबण असते, तिच्यात आपला गुडघा बसतो की तिच्या वर टाकीच्या कडेवर येतो, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. ती खोबण कुणाच्या मापानं काढलीय, ते तिथे लिहिलेलंच असतं.

आणि मग उरतात ॲडव्हेंचर गाड्या. उंच, रुंद हँडलच्या, ताठ बसवणाऱ्या.

[दृश्य: उंच ॲडव्हेंचर मोटारसायकल, बाजूनं. पुढच्या शॉकची लांबी दाखवत कॅमेरा खाली सरकतो.]

या गाड्या उंच माणसांसाठी बनवल्या, असा समज आहे. तसं नाही. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूनं आर 80 जी/एस आणली. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्ही चालेल अशी मोठी गाडी. कच्च्या वाटेवर चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा लागते, इंजिनाखाली दगड लागू नयेत म्हणून उंची लागते. एवढं सगळं खाली घातलं की सीट आपोआप वर जाते. उंच माणसाची सोय झाली ती योगायोगानं.

याचा पुरावा म्हणजे गास्टन राहिए. बेल्जियमचा मोटोक्रॉसपटू, उंची 5 फूट 5 इंचांच्याही आत. त्यानं याच घराण्यातल्या अवाढव्य बीएमडब्ल्यूवर 1984 आणि 1985 अशी दोन वर्षं वाळवंटातून जाणारी पॅरिस-डाकार रॅली जिंकली. गाडीवर बसून दोन्ही पाय टेकण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी सुरू करायची आणि चालत्या गाडीवर उडी मारून बसायचं. मला ही गोष्ट फार आवडते. तो जमिनीशी झगडून दोनदा जिंकला, आणि मी हँडलला गुडघा लागला म्हणून पडलो.

मात्र ॲडव्हेंचर म्हटलं की झालं, असंही नाही. यांच्या पुढच्या काचेचा उंच माणसाला वेगळाच जाच होतो. मध्यम उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून जो वारा निघून जातो, तो काचेच्या कडेवर फाटून नेमका माझ्या हेल्मेटवर आदळतो. गदगद गदगद. डोकं हलतं, नजर हलते, संध्याकाळी कानात गुणगुण. लोक याला वाऱ्याचा जोर समजतात. पण काच काढून टाकली की वारा जास्त लागूनही डोकं स्थिर राहतं, कारण मग तो सलग येतो. म्हणजे काच एकतर पुरेशी उंच हवी, नाहीतर इतकी खाली की तिची कड छातीला यावी. मधली सगळ्यात वाईट. हे उभ्या गाडीवर कळायला मार्ग नाही, त्यासाठी टेस्ट राइड मोठ्या रस्त्यावरच मागावी.

[दृश्य: गॅरेज. हँडलच्या क्लॅम्पखाली ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे बसवले जात आहेत.]

समजा गाडी आवडलीय, थोडंसंच कमी पडतंय. मग बदल करता येतात, पण एकाला हात लावला की दुसरं हलतं. सीट उंच करून घेतली की गुडघा सुटतो, पण हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं होतं आणि पाठ वाकते. म्हणून हँडलखाली रायझर घालतात, 20-30 मिलिमीटरचे. ते घातले की क्लच आणि रेसच्या केबल, ब्रेकचा होज, सगळं ताणलं जातं. बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचं. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर रेसची केबल ओढली जातेय. तशी गाडी गॅरेजच्या बाहेर काढायची नाही.

फूटरेस्ट खाली घेणारे ब्रॅकेटही मिळतात. मी ते सगळ्यात शेवटी करेन. वळणावर गाडी झुकली की फूटरेस्ट आधी घासतो, आणि तो जितका खाली तितका लवकर. घेतलेच, तर गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल त्याच मापात खाली करून घ्यावं. खरं तर गिअर लिव्हर आहे त्या गाडीतही बघावा. ज्याचा बूट 46 नंबरचा आहे, त्याचा पंजा लिव्हर आणि फूटरेस्टच्या मध्ये मावतच नाही. लोक वर्षानुवर्षं पाय वाकडा करून गिअर टाकतात. नट सैल करून लिव्हर जरा फिरवायचा असतो, पाच मिनिटांचं काम.

[दृश्य: गाडी मेन स्टँडवर. त्यावर स्वस्थ बसलेला तो. भिंतीवरचं घड्याळ.]

सध्याची गाडी घेताना मी तिच्यावर वीस मिनिटं नुसता बसलो होतो. फोन खिशात, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. पाच मिनिटांपर्यंत कुठलीही गाडी छान वाटते. दहाव्या मिनिटाला मनगटं बोलायला लागतात, पंधराव्याला खुबा. मग फूटरेस्टवर उभा राहिलो. हँडल धरायला कमरेत किती वाकावं लागतंय ते बघितलं. आरशात बघितलं, तर रस्त्याऐवजी अर्धी माझीच कोपरं. आरशांचे दांडे लांब करून घेतले.

[दृश्य: अंगण. गाडीशेजारी त्याची धाकटी बहीण, हेल्मेट घालून.]

आता ही बघा. 5 फूट 2 इंच. म्हणते, "दादा, तूच सगळं चालवणार का?" सीट वरच्या खाचेत असताना तिचे दोन्ही पाय हवेत. मी म्हटलं, राहिए उडी मारून बसायचा. ती म्हणाली, तो रस्त्यावर नव्हता, वाळवंटात होता.

सीट काढून खालच्या खाचेत बसवायची. पुढचं टोक आधी अडकवायचं, मग मागून दाबायचं, खटका वाजेपर्यंत. दोन मिनिटं. ती बसते, अंग जरासं डावीकडे सरकवते, डाव्या पायाचा पंजा जमिनीला टेकतो. उजवा ब्रेकवर.

"जमतंय," ती म्हणते. "आता तू मागे बस."

[दृश्य: गाडी निघते. मागच्या सीटवर तो, गुडघे पुन्हा कोपरांपर्यंत.]