खुरावरची रेघ: शंकरपटाच्या बैलाचा खूर का तडकतो

(दृश्य: गावाबाहेरची पटाची दाण, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, कोवळं ऊन. छकड्याला जुंपलेली गवळाऊ जातीची बैलजोडी.)

संक्रांत जवळ आली की विदर्भात पटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस सुरू होतात. छकड्यावर हाकणारा एक धुरकरी, पुढे दोन बैल आणि घड्याळावर मोजले जाणारे सेकंद. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. दाणी पुन्हा भरू लागल्या. जोडी बघायला आलेला माणूस बैलाचं वशिंड बघतो, मान बघतो, पाठ थोपटतो. खुराकडे मात्र बैल लंगडल्यावरच लक्ष जातं.

(दृश्य: पुढच्या उजव्या पायाची बाहेरची नखी, म्हणजे दुभंगलेल्या खुराचा बाहेरचा भाग, अगदी जवळून.)

ही रेघ बघा. केसांच्या कडेपासून निघाली आहे आणि सरळ खाली उतरली आहे. आत शेणमाती बसल्यामुळे काळी दिसते. बैल नुसता उभा असतो तेव्हा ती मिटलेली असते. त्याने वजन पुढे टाकलं की किंचित उघडते, पाय उचलला की पुन्हा मिटते. पावलागणिक हे होत राहतं, आणि दर वेळी रेघ थोडी खोल जाते.

ती उभीच का जाते? खुराची भिंत केसांच्या कडेपाशी तयार होते आणि बारीक नळ्यांच्या रूपात जमिनीकडे वाढत जाते. बांबू जसा उभा फाटतो, तसाच खूरही. घोड्याच्या पायाला एकच खूर असतो आणि तो महिन्याला 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. बैलाच्या पायाला दोन नख्या, भिंत घोड्यापेक्षा पातळ, आणि वाढ महिन्याला जेमतेम 5 मिलिमीटर. शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. दाणीच्या शेवटी भरधाव जोडी आवरली जाते तेव्हाचा दणकाही पुढचेच पाय झेलतात. उभ्या चिरा जास्त करून पुढच्या पायाच्या बाहेरच्या नखीवर सापडतात.

पण चीर दाणीवर उघडली, तरी ती तिथेच जन्मली असं नाही.

(दृश्य: खुरावर धरलेली मोजपट्टी.)

या दुसऱ्या बैलाच्या नखीवर आडवी खाच आहे. केसांच्या कडेपासून खाचेपर्यंत 2 सेंटिमीटर. महिन्याला 5 मिलिमीटर धरले तर ही खाच चार महिन्यांपूर्वीची. आज जानेवारी आहे, म्हणजे सप्टेंबरमध्ये या जनावराला काहीतरी झालं होतं. आता बाकीच्या नख्या मोजा. आठही नख्यांवर खाच एकाच उंचीवर असेल तर दुखणं अंगभर होतं: ताप, लाळ्या-खुरकूत, किंवा पोट बिघडणं. एकाच नखीवर असेल तर तिथे मार लागला असणार. खाचेपाशी भिंत कमजोर असते, आणि पुढे चीर तिथूनच फुटू शकते.

पोट बिघडण्याचं कारण गव्हाणीत असतं. पट जवळ आला म्हणून मालक जिवापाड खाऊ घालतो. कालपर्यंत कडबा आणि तुरीचं कुटार खाणाऱ्या बैलापुढे एकाएकी घमेलंभर दाणा, सरकीची ढेप, गूळ येतो. दाणा पोटात भराभर आंबतो आणि आम्ल वाढतं. शेण पातळ होतं, आंबूस वास येतो, त्यात न पचलेले दाणे दिसतात. याच आम्लामुळे खुराच्या आतला रक्तपुरवठा बिघडतो आणि त्या दिवसांत तयार होणारी भिंत कच्ची निघते. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, जे खुराला घट्टपणा देतं आणि बैलाच्या पोटातले जिवाणूच बनवतात, तेही आम्ल वाढल्यावर कमी बनतं. खाऊ घालणाऱ्याच्या मायेत काही खोट नाही, घाई मात्र बैलाला बाधते. दाणा दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलोने वाढवावा, एका वेळी दोन किलोंच्या वर देऊ नये, आणि आधी कडबा, मग दाणा.

दुसरं कारण जमिनीत आहे. चुनखडीच्या काळ्या वावरातून पिकाला जस्त कमी मिळतं, मग कडब्यातही ते कमीच येतं. खुराच्या बांधणीला जस्त लागतं. मोठ्या बैलाला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. पशुवैद्यकाने सांगितलं तर दिवसाला 20 मिलिग्रॅम बायोटिन, तेही निदान सहा महिने. जुनी भिंत त्याने सुधारत नाही, नवी तेवढी चांगली येते.

तिसरं कारण पाणी. पावसाळाभर चिखलात खूर फुगतो, मऊ पडतो. मग ऑक्टोबरची उन्हं त्याला कडक करतात. असं फुगणं-आटणं चालू राहिलं की भिंतीला बारीक तडे जातात. भिंतीवरचा चकचकीत पातळ थर आतला ओलावा धरून ठेवतो. खूर देखणा दिसावा म्हणून कानस मारणारे नेमका तोच थर काढून टाकतात. कानस फक्त खालच्या कडेला लावावी.

(दृश्य: पोळ्याचा आदला दिवस, बैलाचे खांदे शेकणं चालू आहे.)

खांद शेकता, त्याच दिवशी खूरही तपासा. नारळाच्या शेंडीने आठही नख्या धुवा, कोरड्या होऊ द्या, आणि उन्हात बाजूने बघा. रेघेवरून बोटाचं नख फिरवा. नख अडकत नसेल तर नुसती नजर ठेवा. अडकत असेल, आणि वजन टाकल्यावर रेघ उघडत असेल, तर बैल जुंपू नका. रेघ केसांपर्यंत पोचली, तिथे हाताला ऊब लागली किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

चिरेत पंक्चरचं सोल्युशन किंवा एम-सील भरू नका. वरून बुजवलेल्या चिरेत घाण कोंडते, आत पू होतो आणि तो केसांच्या कडेतून फुटून निघतो. जळालेलं ऑईलही नको, बैल पाय चाटतो.

(दृश्य: खोड्यात उभा बैल, पाय दोरीने वर बांधलेला.)

पशुवैद्यक चिरेच्या दोन्ही कडांची सुटलेली भिंत सुरीने उतरती कापतात, म्हणजे शेण अडकायला जागा राहत नाही. मग त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी गुटका चिकटवतात. वजन गुटक्यावर जातं आणि तडकलेली नखी जमिनीपासून अधांतरी राहते. गुटका चार ते सहा आठवड्यांत काढायलाच हवा, नाहीतर चांगली नखी दुखावते.

पुढच्या पायाच्या नखीची लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर. महिन्याला 5 मिलिमीटरने हिशेब केला तर केसांपासून जमिनीपर्यंत पंधरा महिने. या जानेवारीत केसांपाशी फुटलेली चीर वाढत-झिजत निघून जायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडतो. पुढच्या संक्रांतीला तिचा शेवटचा दीड सेंटिमीटर अजून खुरावर असेल. त्या हंगामात जोडी दाणीवर न्यायची की नाही, हे तो दीड सेंटिमीटर पशुवैद्यकाला दाखवूनच ठरवावं.