बूट चावत नाही, कातडी अडकते

मंडळी, कोजागरी जवळ आली. आपल्या सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूरची वाट रात्रभर पायी जाणाऱ्या माणसांनी भरून वाहील. म्हणूनच पत्रिकेत विषय छापलाय ‘पायाचे फोड : प्रतिबंध आणि उपचार’. उपचारांकडे येतोच. पण त्याआधी एक समजूत मोडायची आहे, कारण ती मोडली नाही तर पुढचं सगळं नुसतं मलमपट्टीचं बोलणं होईल.

आपण म्हणतो, बूट चावला. टाच घासली. घासल्यावर काय होतं? खरचटतं. वरचा थर सोलवटतो आणि आग होते. फोडाचं तसं नसतं. फोडावरचं कातडं शाबूत असतं, फाटतं ते आत. उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताच्या पंज्यावर, मागच्या बाजूला टेकवा. सगळ्यांनी टेकवा, मागच्या रांगेनंही. जरा दाबून पुढे-मागे हलवा. बोट घसरलं? नाही ना? कातडी बोटाबरोबर गेली आणि हाड जागच्या जागी राहिलं. बुटात याच्या उलट घडतं. कातडी घामानं मोज्याला धरलेली, मोजा बुटाला धरलेला आणि आत टाचेचं हाड पावलागणिक पुढे-मागे. मधले थर दोन्हीकडून ओढले जातात.

आपल्या भाषेत सांगायचं तर गादीवर सोलापुरी चादर अंथरा, तळवा रोवून ढकला. तळवा चादरीवरून घसरत नाही, चादरच गादीवरून सरकते. कातडीच्या थरांमध्ये अशी ओढाताण हजारो वेळा झाली की एक थर उसवतो आणि त्या फटीत पाणी भरतं. तळपाय, टाच, तळहात इथेच असे फोड का येतात? तिथली कातडी जाड आणि खाली घट्ट बांधलेली असते. दंडाची कातडी पातळ, ती आधीच सोलवटते.

तुळजापूर इथून सुमारे ४५ किलोमीटर. पाऊल पाऊण मीटरचं धरा, ६० हजार पावलं होतात, म्हणजे एकेका टाचेला ३० हजार झटके. झटक्यांची संख्या कमी करता येत नाही, देवीला जायचंय. हाताशी दोनच गोष्टी उरतात : आतलं हाड कमी हललं पाहिजे आणि कातडी कमी चिकटली पाहिजे. माझा सगळा आग्रह या दोन वाक्यांपुरता आहे.

चिकटण्याचं आधी घेऊ. अगदी कोरडी कातडी घसरते, चिंब भिजलेलीही घसरते. सगळ्यात जास्त धरते ती दमट कातडी. आता आपल्या गावच्या टॉवेलचा विचार करा. सुती टेरी टॉवेल चांगला का? तो पाणी ओढतो आणि धरून ठेवतो. टॉवेलचा हा गुण मोज्यात दोष ठरतो. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहून कातडीला बिलगतो. सुताच्या गावात उभं राहून हे बोलतोय याची जाणीव आहे, पण लांबच्या चालीला सुती मोजा नकोच. अॅक्रिलिक, पॉलिएस्टर किंवा बारीक लोकरीचा घ्या. जमलं तर आत पातळ सिंथेटिक आणि वर जाड असे दोन, म्हणजे सरकणं मोज्या-मोज्यात होतं, कातडीत नाही. मात्र बुटात दोन मोज्यांची जागा हवी, नाहीतर बोटं आवळली जातील. बोटांवरची शिवण हातानं चाचपा. जाड लागली तर तो मोजा राहू द्या.

पावडर कितीही लावा, घामात तिचे गोळे होतात आणि गोळा स्वतःच खडा बनतो. व्हॅसलीन सुरुवातीला छान घसरतं, पण काही तासांनी कातडी मऊ पडून उलट जास्त धरते. लावायचं तर मुक्कामाला पाय पुसून पुन्हा लावत राहायचं. त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी घ्या, मायक्रोपोर म्हणतात ती. अमेरिकी संशोधकांनी २५० किलोमीटरच्या शर्यतींतल्या धावपटूंवर केलेला तिचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. निघण्यापूर्वी, कोरड्या पायावर, नेहमी फोड येतो तिथे एकच थर. कोपरे कात्रीनं गोल करा, टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. सुरकुती राहिली तर काढून नवी लावा.

आता हाड हलण्याचं, म्हणजे मापाचं. इथं मला राग येतो आणि तो दाखवायलाही हरकत नाही. दुकानात बूट आवळतोय म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘वापरून सैल होईल.’ चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. रेक्झिन कशातच सैलावत नाही. अंगठा टोकाला टेकत असेल तर तो वर्षभरानंही टेकणारच. दुसरं टोक म्हणजे पोरांना ‘पुढच्या वर्षी पण येतील’ म्हणून घेतलेले मोठे बूट. त्यात पाय पुढे-मागे सरकतो आणि टाच उचलली जाते. सैल बूट आवळ बुटापेक्षा सुखाचा असतो हे खोटं आहे.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगलेला असतो. चालायला वापराल तोच मोजा घालून, उभं राहून, दोन्ही पायांत. मोठ्या पायाचं माप धरा. सगळ्यात लांब बोट पाहा, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, त्याच्या पुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा हवी. सुकतळा, दुकानात इनसोल म्हणतात तो, बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडला तर बूट अरुंद.

आणि वरचं ते शेवटचं भोक, ज्यात कुणी लेस घालत नाही, ते टाचेसाठीच असतं. लेस बाहेरून त्या भोकात घालून त्याच बाजूला छोटा फास ठेवा. दोन्हीकडे तसं करा, मग डावी लेस उजव्या फासातून, उजवी डाव्या फासातून. आधी खाली ओढा, मग गाठ. टाच मागे घट्ट बसते, बोटं मोकळी राहतात.

नवे बूट घालून तुळजापूरला निघू नका. तीन आठवडे आधी घ्या. पहिल्या दिवशी घरात अर्धा तास, मग हळूहळू वाढवा. कोल्हापुरी असेल तर पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून तेल लावून मऊ करा.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे आणि उपचार राहिलेत, म्हणून भराभर सांगतो.

वाटेत एखादी जागा चुरचुरू लागली की तिथेच थांबा. ‘तामलवाडीला पोचल्यावर बघू’ म्हणाल तर तोवर फोड झालेला असतो. बूट काढा, पाय कोरडा करा, मोजा बदला, पट्टी लावा. फोड आलाच, पण लहान आहे, दुखत नाही, तर फोडू नका. त्याच्याएवढं भोक पाडलेली जाड नमद्याची किंवा फोमची चकती भोवती लावा, म्हणजे दाब कडेवर जातो.

मोठा, तटतटलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तरच पाणी काढा. हात आणि पाय साबणानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, मेडिकलची सीलबंद सुई घ्या. काडीवर तापवलेल्या शिवणाच्या सुईला काजळी येते, ती नको. कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन छिद्रं, गॉजनं अलगद दाबा. वरचं कातडं काढू नका, त्याहून चांगली पट्टी मिळत नाही. व्हॅसलीन, न चिकटणारं ड्रेसिंग, आणि दिवसभरात पुन्हा भरलं तर पुन्हा काढा. खाली नवी कातडी सुमारे पाच दिवसांत धरते. रक्ताचा फोड असेल तर हात लावू नका.

सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवतात, तो मुळीच नको. दोरा पाणी बाहेर आणतो तसे जंतू आत नेतो. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा मोज्यांशिवाय टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात जंतू गेले आणि आठवड्याभरात तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, पण वेळेत गेलात तर. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, पायावर लाल रेघ वर चढू लागली की थेट डॉक्टर.

मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः फोडूच नये, लहान असला तरी. पाय बधिर असेल तर चुरचुर कळत नाही, म्हणून दर मुक्कामाला सोबत्याला तळवे बघायला सांगा, बुटात हात घालून खडा-काटा चाचपा. अनवाणी जाण्याचा नवस असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका.

वेळ संपली. ज्यांनी आपले बूट आणलेत त्यांनी सुकतळे काढून हातात ठेवा, खाली पायरीपाशी एकेकाचं माप बघू.