जुन्या माउंटन बाइकला पुन्हा रस्त्यावर आणताना

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत जाड टायरांची, गिअरची एखादी सायकल जिन्याखाली पडून असते, कारण ज्याच्यासाठी ती घेतली तो मुलगा शिकायला परगावी गेलेला असतो. ती भंगारात घालण्यापूर्वी तिच्यावर पैसा नेमका कुठे खर्चावा, ते आज सांगणार आहे.

हा सायकलप्रकार मुळात जुन्या सायकलींच्या डागडुजीतूनच जन्मला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या, वजनदार सायकली डोंगरउतारावरून सोडत, तेव्हा मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे.

आपणही ग्रीसपासूनच सुरुवात करावी. रंग अगदी शेवटी, आणि नाही दिला तरी चालेल. मात्र ग्रीसच्याही आधी हँडलच्या नळीजवळचे जोड कापडाने पुसून पाहावेत. तिथे केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती सायकल खुशाल भंगारात द्यावी. फ्रेम धड असेल, तर दोन्ही हब, पॅडलचा एक्सल आणि हँडलचे कप उघडून, डिझेलने धुऊन, छर्रे बदलावेत. छर्रे सहसा पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची आणि मागच्या हबमध्ये १/४ इंची असतात. त्यांतले निम्मे जुने ठेवण्याची काटकसर करू नये. डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते, हे विसरून पाना लावला की आटे जातात.

चेन मोजायला इंची पट्टी पुरते. पिनेच्या मध्यापासून मोजलेल्या नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्यात अर्धे सूत, म्हणजे १/१६ इंच, वाढ दिसली की चेन बदलावी, कारण चालढकल केल्यास फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही झिजतात आणि खर्च वाढतो.

टायर घेताना मात्र दुकानदाराच्या ‘सव्वीस इंची’ या शब्दावर विसंबू नये. २६ × १.९५ हा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ हा ५९० मिलिमीटरच्या रिमवर, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आपल्याकडे सराटे आणि बाभळीचे काटे असल्याने टायरवर दोन पैसे जास्त घालवणे परवडते. रिम चकचकीत लोखंडी असेल, तर ओली झाल्यावर ब्रेक फारच उशिरा लागतो. खुलताबादचा घाट पावसात उतरण्याचा विचार असेल, तर ॲल्युमिनियमची रिम घ्यावी.

गंजून आखडलेल्या स्वस्त शॉकॲब्सॉर्बरवर मी एक रुपयाही घालणार नाही. त्याजागी पुढचे चाक धरणारा साधा चिमटा हलकाही होतो आणि टिकतोही. नव्या केबल सुरुवातीला थोड्या ढिल्या पडतात, म्हणून आठवडाभर चालवून झाल्यावर ब्रेक आणि गिअर पुन्हा एकदा ताणून घ्यावेत.