डझनाचं वजन आणि जीएसएम

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. मागावरून उतरून धुऊन आलेला पांढरा टेरी टॉवेल शिवणीच्या टेबलावर आहे. कडा दुमडल्या, टीप पडली, बारा नगांची थप्पी लागली. कारखानदाराला माल कसला म्हणून विचारा, तो आधी वजन सांगेल: डझनाला साडेपाच किलो. इथल्या बाजाराची भाषा हीच.

महाबळेश्वरचा हॉटेलवाला मात्र इंडियामार्टवर, म्हणजे घाऊक मालाच्या ऑनलाइन बाजारात, वेगळंच टाइप करतो: पांढरा बाथ टॉवेल, ३० बाय ६०, ४०० जीएसएम. आणि तिथल्या कारखान्याच्या पानावर लिहिलंय फक्त 'टॉवेल'. खाली 'उत्तम दर्जा, वाजवी दर'. त्याच्या शोधाशी जुळणारा आकडा त्या पानावर एकही नाही. त्याला हवा तोच माल या थप्पीत आहे, पण तो त्याला सापडायचा कसा?

म्हणून सुरुवात संगणकापासून नको, वजनकाट्यापासून करू.

तीस बाय साठ इंच म्हणजे ७६ बाय १५२ सेंटिमीटर. क्षेत्रफळ साधारण १.१६ चौरस मीटर. डझन साडेपाच किलो, तर एक नग ४५८ ग्रॅम. ४५८ ला १.१६ ने भागा. उत्तर ३९५. हा झाला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कोऱ्या, म्हणजे न धुतलेल्या मालाचं वजन धरणं. ताण्यावरची, म्हणजे उभ्या धाग्यांवरची खळ धुलाई आणि ब्लीचिंगमध्ये निघून जाते, वजन घटतं, मापही आटतं. वजन आणि माप दोन्ही धुतलेल्या, वाळलेल्या टॉवेलचंच घ्या. दुसरी, एकच नग काट्यावर ठेवणं. दहा नग एकत्र तोला आणि सरासरी काढा. पावसाळ्यात सूत हवेतला ओलावा धरतं, तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. ३९५ आला तर ३९५ च लिहा. हॉटेलवाल्याकडेही काटा असतो.

आता पानाचं नाव. देशभरचे खरेदीदार बहुतेक इंग्रजी शब्दांनी शोधतात, म्हणून नाव इंग्रजीत: कॉटन टेरी बाथ टॉवेल, व्हाइट, ३० बाय ६० इंच, ३९५ जीएसएम, फॉर हॉटेल. माप, रंग, वजन, सुताचा काउंट (बारीक-जाडपणाचा आकडा), कडेची शिवण, पॅकिंग यांचे रकाने वेगळे असतात. ते एकूण एक भरा, कारण खरेदीदार यादी गाळतो ती या रकान्यांवरूनच. सलूनचा छोटा गडद नॅपकिन वेगळ्या पानावर जाऊ द्या. पण एकाच टॉवेलची दहा पानं करू नका. त्याने माल दहापट दिसत नाही, गोंधळ तेवढा वाढतो.

भाव लिहा, आणि त्याचं एकक दोनदा तपासा. समजा भाव १,५६० रुपये डझन आहे आणि एकक 'नग' राहून गेलं, तर १३० रुपयांचा टॉवेल १,५६० चा दिसतो. त्यावर फोन करून कोणी खात्री करून घेत नाही, सरळ पुढच्या विक्रेत्याकडे जातो. किमान ऑर्डरही लिहा. पाच डझनांच्या खाली परवडत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.

फोटो सकाळी, दाराशी, उन्हाच्या तिरिपेबाहेर काढा. पांढऱ्या टॉवेलला मोबाइलचा कॅमेरा करडा करून टाकतो. पडद्यावर टॉवेलला बोट लावून उजेड थोडा वाढवा, खाली गडद लाकूड ठेवा. चार फोटो पुरतात: घडीची थप्पी, टेरीचे फासे जवळून, कडेची शिवण, आणि बांधलेला गठ्ठा. दुसऱ्याच्या मालाचा फोटो कधीही लावू नका.

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र पानावर दिसलंच पाहिजे. जीएसटी क्रमांक, म्हणजे महाराष्ट्रात २७ ने सुरू होणारे पंधरा अक्षर-अंक, पानावर लिहा, आणि पत्ता गूगल नकाशावरच्या नोंदीशी तंतोतंत जुळवा.

एवढं करून चौकशी आली आणि फोन मागाच्या खडखडाटात वाजत राहिला, तर सगळं वाया. तीच चौकशी इतर विक्रेत्यांकडेही गेलेली असते. फोन शेडमध्ये नको, हिशेबाच्या टेबलावर हवा. माप, जीएसएम, भाव, किमान ऑर्डर, माल किती दिवसांत निघेल, एवढा मजकूर व्हॉट्सअॅपवर तयार ठेवा. नमुना पैसे घेऊनच पाठवा.

एक धोका इथे स्पष्ट सांगायलाच हवा. लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून कोणी मोठी ऑर्डर देतो, घासाघीस करत नाही, आणि आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवतो. तो स्कॅन करू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

टेबलावर एक वही असू द्या. तारीख, गाव, आणि समोरच्याने माल कोणत्या शब्दांत मागितला तो शब्द जसाच्या तसा. महिनाअखेरीला वही उघडा. चार जणांनी 'स्पा टॉवेल' म्हटलं असेल आणि तो शब्द पानावर कुठेच नसेल, तर त्याच दिवशी घाला.