एकाच सर्व्हरवर दोन एसएसएच

(काळा पडदा. टर्मिनलमध्ये कर्सर लुकलुकतोय.)

१९९५. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं. तिथल्याच तातू उलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरायची सोय, लिहिलं आणि त्यासाठी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दार क्रमांक, मागून घेतला २२. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१, दूरून लॉगिन करू देणाऱ्या टेलनेटचा २३, आणि या दोघांची जागा घेऊ पाहणारा बरोबर मध्ये.

आज लिनक्स सर्व्हरवर शिरायचं तर बहुतेक याच दारानं. पण येणारे सगळे सारखे नसतात. ऍडमिनला पूर्ण शेल, म्हणजे हवे ते हुकूम चालवायची मोकळीक, लागतं. कुणाला एसएफटीपीनं फक्त फाइली टाकायच्या असतात. दोघांना एकच नियम कशाला?

(पडद्यावर कॉन्फिग फाइल.)

सोपा उपाय आधी. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी एसएसएचची सेवा. तिच्या कॉन्फिगमध्ये 'पोर्ट' ही ओळ दोनदा लिहिली तरी चालते. 'मॅच लोकलपोर्ट' वापरून प्रत्येक पोर्टचे काही नियमही वेगळे ठेवता येतात. एवढ्यानं भागत असेल तर पुढच्या खटाटोपात पडूच नये. अडचण अशी, की सायफर (कूटलेखनाच्या पद्धती) किंवा होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) मॅचमध्ये बदलता येत नाहीत. शिवाय प्रोसेस एकच. ती पडली की दोन्ही पोर्टवर नवं लॉगिन बंद.

म्हणून दुसरी सेवा. कॉन्फिगची प्रत काढायची आणि तिच्यात पोर्ट २२२२ करायचा. पिडफाइलचं, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक लिहायच्या फाइलीचं, नाव बदलायचं, नाहीतर दोघी एकाच फाइलवर लिहीत बसतील. 'अलाउयूझर्स'मध्ये कुणाला येऊ द्यायचं ते ठरवायचं. मग लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची युनिट फाइल (सेवा कशी चालवायची ते सांगणारी) वेगळ्या नावानं उतरवून घ्यायची आणि एक्झेकस्टार्टच्या ओळीत 'वजा एफ' देऊन नवी कॉन्फिग दाखवायची. मूळ युनिटमधली, सेवेला दुसरं नाव देणारी 'एलियस' ओळ प्रतीत ठेवू नका.

आता एक छुपी खोच. डेबियन-उबुंटूच्या युनिटमध्ये 'रनटाइमडिरेक्टरी' अशी ओळ असते. ती रन फोल्डरात एसएसएचडीसाठी एक रिकामी डिरेक्टरी बनवते आणि सेवा थांबली की सिस्टमडी ती पुसून टाकतो. ओळ जशीच्या तशी उतरवली, तर दुसरी सेवा थांबवताना पहिलीचीही डिरेक्टरी जाते. पहिली चालू दिसते, पण नवं लॉगिन होत नाही. लॉग न पाहता यावर डोकं खाजवत बसाल. उलटही तेच. दोन्ही युनिटमध्ये 'रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्ह'ला 'येस' दिलं की प्रश्न मिटतो.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स या सुरक्षा-पहारेकऱ्याला नवा पोर्ट एसएसएचचा आहे हे 'सेमॅनेज'नं सांगावं लागतं. फायरवॉलमध्ये तो पोर्ट तर सगळीकडेच उघडायचा.

पोर्ट बदलल्यानं सर्व्हर सुरक्षित होतो, हा समज मात्र सोडा. लॉगमधला गोंगाट कमी होतो, इतकंच. अडवणूक खरी होते ती पासवर्ड बंद करून एसएसएच-की, म्हणजे किल्लीची फाइल, वापरल्यानं.

(दोन टर्मिनल शेजारी शेजारी.)

सुरू करण्याआधी 'एसएसएचडी वजा टी'ला 'वजा एफ'नं नवी कॉन्फिग दाखवून ती तपासा. सुरू झाल्यावर उघडलेलं सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून २२२२ वर लॉगिन करा आणि तिथून मूळ सेवा थांबवा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत पोर्टवर सॉकेट युनिट ऐकतं, तेव्हा थांबवायचं तेही. जुनी सेशन्स टिकतात, कारण प्रत्येक कनेक्शनला स्वतःची प्रोसेस असते. आता नव्यानं २२ नाकारला गेला पाहिजे आणि २२२२ उघडला पाहिजे.

मूळ सेवा पुन्हा चालू करा आणि हेच उलट करून पाहा: दुसरी थांबवून २२ वर नवं लॉगिन. रनटाइमडिरेक्टरीची खोच राहून गेली असेल, तर ती इथे पकडली जाते.