अश्लील काय, यापलीकडे

संयोजकांनी पत्रिकेत ‘पॉर्न’ हा शब्द छापला, त्याबद्दल त्यांचं आधी कौतुक. मागच्या रांगेत थोडी चुळबुळ दिसते आहे. चालायचंच.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. वाचक लैंगिक शंका विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. एवढ्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी निकाल विरुद्ध गेला. पुढे २००७ साली आपल्याच राज्याने शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं. शंका मात्र थांबत नाहीत. आज आठवीतला मुलगा त्या घेऊन मोबाइलकडे जातो. तिथे त्याला काय दिसतं? बाईला कुणी काही विचारतच नाही. ती ‘नको’ म्हणाली, तर तोही खेळाचाच भाग. उघडं अंग बघून मुलं बिघडतात, ही आपली जुनी भीती. मला त्याहून या न विचारण्याची धास्ती वाटते.

आपण मात्र अजून अश्लीलताच मोजत बसलोय. २०१५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ८५७ पॉर्न संकेतस्थळं बंद करायला सांगितली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली. त्या साऱ्या वादात, चित्रफितीतली बाई राजी होती का, हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. तो २०२० च्या डिसेंबरमध्ये जोरात पुढे आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्तंभलेखक निकोलस क्रिस्टॉफ यांनी पॉर्नहब या पॉर्न संकेतस्थळाबद्दल लिहिलं: अल्पवयीन मुलींच्या, बलात्काराच्या चित्रफिती तिथे होत्या. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी व्यवहार तोडले, आणि ओळख न पटवलेल्यांनी टाकलेले लाखो व्हिडिओ कंपनीने तडकाफडकी उतरवले. पीडित मुली आधीपासून सांगत होत्याच. पैसा अडल्यावर ऐकू आलं.

आणि नग्नता लागतेच असंही नाही. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम पत्रकार, कार्यकर्त्या अशा बायकांचे साधे, अंगभर कपड्यांतले फोटो ‘लिलावाला’ लावले होते. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत विशीच्या आतबाहेरची कॉलेजची पोरं होती. अश्लीलतेच्या फूटपट्टीने त्या फोटोंत काय सापडणार? तरीही बाईचा माल करून झाला होता.

कायदा, गंमत म्हणजे, इथे आपल्या एक पाऊल पुढे आहे. २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४ क आलं, बाईचे खासगी क्षण चोरून बघणं, टिपणं, पसरवणं याविरुद्धचं. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ७७ वं आहे. त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की बाईने असा फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हा आहे. ‘तिने मुळात काढू का दिला?’ असं आपण घरात, चौकीत, स्टाफरूममध्ये विचारतो. या कलमापुढे तो प्रश्न गैरलागू आहे.